उरलेल्या पाण्याचे माप

डॉक्टर दौलतराव इंगळे यांची आणि माझी ओळख एका ओगराळ्याने करून दिली. पंगतीत वरण वाढायचे असते तेच ओगराळे. फरक इतकाच की त्याच्या दांड्याला दोन हात लांब बांबू सुतळीने बांधलेला होता. देऊळगाव राजाच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रुजू होण्यासाठी मी त्या सकाळी नवे धोतर, काळी टोपी आणि साखरखेर्ड्याच्या पाटलांचा भाचा असल्याचा ताठा एवढा ऐवज घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी माझे कागद पाहिलेसुद्धा नाहीत. ओगराळे माझ्या हातात दिले, समोरच्या पारावर झोपलेल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "थो उठला का त्याच्या मांगं जाय. कुठी टांग वर केली का हे खाली धर. सांडू नको."

मी गेलो. बाजाराचा दिवस होता. कुत्रे उठले, अंग झटकून चालू लागले आणि त्याच्यामागे बांबूचे ओगराळे घेतलेला पाटलांचा भाचा. भाजीच्या रांगेतून, मिरचीच्या ढिगांमधून, कासारांच्या दुकानांवरून आमची वरात गेली. लोकांनी पोट धरधरून हसून घेतले. एकाने विचारले, "काऊन हो, कुत्र्याले वरण वाढून राह्यले का?" मी कुत्र्याच्या मागच्या पायांवर नजर ठेवून चालत राहिलो. शेवटी एका बैलगाडीच्या चाकापाशी आमचे काम झाले आणि मी दवाखान्यात परत आलो तो मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवीतच.

डॉक्टरांनी ओगराळ्यातले एका काचेच्या नळीत ओतले, स्पिरिटच्या दिव्यावर धरले, उकळी आल्यावर त्यात सिरक्याचे दोन थेंब सोडले. पाहता पाहता दूध नासावे तसे ते पांढरे फुटले. डॉक्टर नळीकडे पाहत राहिले. "पाह्य," ते म्हणाले, "हे अंड्यातल्या पांढऱ्यावाणी हाये. हे आंगात राहाले पाह्यजे. बाहीर येऊन राह्यलं म्हंजे गुरदे गाळून नाही राह्यले." गुरदे म्हणजे मूत्रपिंडे, हे मला तेव्हा कळले. मग त्यांनी खिडकीतून पारावरच्या त्या कुत्र्याकडे इतक्या मायेने पाहिले की माझा राजीनामा तिथेच राहिला. तो अजून राहिलेलाच आहे. पुढे बावीस वर्षे मी त्यांच्या हाताखाली काढली.

डॉक्टरांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे, आणि समितीने मला कळवले आहे की डॉक्टरसाहेबांचे कार्य, त्यांची मूल्ये आणि हृद्य आठवणी यांवर क्रमवार लिहावे. क्रमवार औषधे देणे मला जमते, लिहिणे जमत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे. डॉक्टरांनी बुळकांडीच्या साथीत किती गावांची गुरे वाचवली, लस टोचायला भर पावसात चिखल तुडवीत कुठे कुठे गेले, हे सांगणारी मोठी माणसे या ग्रंथात आहेतच. मी म्हाताऱ्या कुत्र्यांवर लिहिणार आहे. कारण डॉक्टर मला ज्या दिवशी खरे कळले तो दिवस एका म्हाताऱ्या कुत्र्याचा होता.

तेव्हाची गोष्ट आजच्या तरुणांना समजायची नाही म्हणून थोडे सांगतो. आमचा दवाखाना बैलांसाठी. फार तर गाय, म्हैस, तहसीलदारांची घोडी. कुत्रे घेऊन कोणी दवाखान्याची पायरी चढत नसे. मळ्याची राखण करावी, भाकरीचा तुकडा खावा, म्हातारे झाले की सुकत जावे आणि एक दिवस बांधाआड मरून पडावे, असा त्या जातीचा रिवाजच ठरलेला. कुत्रे वाळले की लोक म्हणत, "म्हतारं झालं." डॉक्टरांचा या एका शब्दावर फार राग. ते म्हणत, म्हातारपण हा काही रोग नव्हे. त्याच्या नावाखाली रोग लपतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे गुरदे आतल्या आत झिजू लागतात तेव्हा ते विव्हळत नाही, लंगडत नाही, भाकरीही खाते. ओकाऱ्या, तोंडाला घाण वास, अन्नावरची वासना उडणे हे सगळे अखेरीला येते आणि त्या वेळी कोणाच्याच हाती काही उरत नाही. सुरुवातीला एकच गोष्ट बदलते. कुत्रे पाणी जास्त पिऊ लागते आणि पाण्यासारखेच फिकट मुतू लागते. नेमके तेच कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण मळ्यातले कुत्रे पाटाचे पाणी पिते, गावातले डबक्याचे, आणि आमच्याकडच्या उन्हात सगळेच पाणी पितात.

म्हणून डॉक्टर दिसेल त्याला विचारत. एकदा एका लग्नात वरबापाने अगत्याने पुसले, "डाक्तरसाहेब, जेवण झालं न?" डॉक्टरांनी उलट विचारले, "झालं. तुमच्या काळूचं कुंडं दिसातून किती डाव भरता?" वरबाप नवरीकडच्यांकडे पाहत राहिला. मी मध्ये पडून लाडू चांगले झाल्याचे सांगितले. असे मध्ये पडण्यात माझी पुष्कळ नोकरी गेली.

आता मुख्य गोष्ट. ती लिहावी की नाही यावर मी दोन आठवडे घालवले आणि शेवटी डॉक्टरांनाच जाऊन विचारले. ते म्हणाले, "चांगलं चांगलं लिवाले बाकीचे बसले हायेत. तू चुकलेलं लिव्ह. तुह्यंबी लिव्ह अन् माह्यंबी." तेव्हा ही त्यांची आज्ञा समजावी.

मला दवाखान्यात लागून चार महिने झाले होते. वैशाख होता. डॉक्टर लस टोचायला दौऱ्यावर गेले होते आणि खुर्चीवर नसलो तरी खुर्चीच्या शेजारी मीच होतो. त्या दिवशी गिरजामाय आल्या. जालन्याच्या वाटेवर त्यांचा वांगी-मिरचीचा मळा होता. नवरा वारलेला, लेकी आपापल्या घरी. मळ्यात त्या आणि शेरू नावाचा त्यांचा कुत्रा. रानडुकरांपासून मळा राखायचा तो शेरूने. त्या आल्या होत्या बैलाच्या खांद्याला मलम न्यायला. मलमाची डबी पदराला बांधता बांधता सहज म्हणाल्या, "आमचा शेरू आताशा खोपीतच मुतते हो. दिसभर पाणी पेते अन् रातभर मुतते. म्हतारा झाला बिचारा."

चार महिन्यांत मी एवढे शिकलो होतो की म्हातारे कुत्रे फार पाणी पीत असेल तर ते वाईट. माझ्या अकलेने त्यावर मजला चढवला. पाणी वाईट, म्हणून पाणी बंद. माझ्या मामांच्या घरीही ओसरी ओली करणाऱ्या कुत्र्याचे पाणी असेच तोडत असत. मी डॉक्टरांसारखाच आवाज काढून म्हणालो, "पाणी पेऊ देऊ नका त्याले. पाटावरून हाकला. सकायी वाटीभर द्या, बस्. आठ दिसांत नीट होते."

गिरजामाय माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. "पाणी नाई द्याचं?" त्यांनी पुन्हा विचारले. "जितराबाले?" मी हो म्हणालो. दवाखान्याचा शब्द म्हणून त्या मान हलवून निघून गेल्या. जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले ते मला आजही दिसते.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर परतले. अंगावरची धूळ झटकून, चहाची कपबशी घेऊन बसले. मी दौऱ्यामागचा अहवाल दिला आणि शेवटी हसत हसत हेही सांगितले, की गिरजामायच्या कुत्र्याचा निकाल मीच लावून टाकला, तुम्हाला तसदी पडू दिली नाही. त्यांनी बशी खाली ठेवली. "वय किती कुत्र्याचं?" मला माहीत नव्हते. "सुकलं हाये का?" मी विचारले नव्हते. "किती दिस झाले पाणी तोडून?" मी म्हणालो, चार. डॉक्टर उठले. पिशवी घेतली, सायकल काढली आणि मला मागे बसायची खूण केली. चहा तसाच राहिला.

ते ऊन मी विसरणार नाही. डॉक्टर तेव्हा चाळिशीच्या अलीकडचे, पण दौऱ्याने थकलेले. मी दोनदा म्हणालो की सायकल मी मारतो. ते ऐकायला तयार नव्हते. मान खाली घालून पायडल मारीत राहिले. मला वाटले, आता हे मला नोकरीवरून काढतील, आणि काढले तर बरेच होईल, कारण त्या पाठीकडे पाहणे मला सहन होत नव्हते.

शेरू लिंबाच्या आळ्यात पडला होता. ओली माती उकरून तिच्यावर त्याने पोट टेकवले होते. नाक कोरडे, डोळे आत गेलेले, तोंडाशी ओकारीचा पिवळा डाग. आम्हाला पाहून त्याने शेपटीचे टोक तेवढे हलवले. गिरजामाय शेजारी बसून पदराने वारा घालत होत्या. पाण्याने भरलेला पाट दहा हातांवर होता आणि त्याच्या तोंडाशी काट्यांची फांदी लावलेली होती. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगतलं तसंच केलं हो बाप्पा. काटी लावली म्या. थो काटीपाशी जाऊन बसे अन् माह्याकडे पाहे. म्या तिकडे पाहणंच सोडलं."

डॉक्टर त्यांच्यासमोर उकिडवे बसले. मी मागे उभा होतो. त्यांनी म्हणायला हवे होते की या गाढवाने सांगितले. ते खरे होते. ते म्हणाले, "माय, चूक दवाखान्याची हाये. दवाखाना माह्या हाती हाये. माह्यी चूक हाये." आणि काट्यांची फांदी त्यांनी स्वतःच्या हाताने उचलून बांधापलीकडे टाकली.

मग त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन शेरूच्या तोंडाशी धरले. एकदम भसाभसा पिऊ दिले नाही, नाहीतर ओकून टाकतो. चार घोट, मग थांबायचे, मग पुन्हा चार घोट. मी पाणी आणून देत होतो आणि ते पाजत होते. सावली लिंबाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला गेली. ऊन कलते झाल्यावर शेरूने ओंजळीतले पाणी संपल्यावर डॉक्टरांचे मनगट चाटले. गिरजामाय तेव्हा रडल्या. मीही बांधापलीकडे जाऊन रडून आलो; आज लिहायला लाज वाटत नाही.

परतताना सायकल हातात धरून आम्ही पायी चाललो. मी म्हणालो, मला काढून टाका. डॉक्टर चालत राहिले. मग त्यांनी सांगितले ते असे.

मुंबईहून पदवी घेऊन ते पिंपळगाव राजाला घरी आले तेव्हा घरात एक म्हातारा कुत्रा होता, त्यांच्या वडिलांच्या हातचा. तो फार पाणी पिई आणि ओसरी ओली करी. आई जुन्या वळणाच्या, सोवळे सांभाळणाऱ्या. पण कुत्र्याला कधी बोलल्या नव्हत्या. यांनीच नव्या डॉक्टरकीच्या तोऱ्यात आईला सांगितले की पाणी बंद करा. आईने केले. लेक शिकून आला होता. कुत्रा रांजणापाशी जाऊन बसे आणि आईकडे पाही, आई आत निघून जाई. पाचव्या दिवशी कुत्रा मेला. "म्या त्याले चिरून पाह्यलं," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही गुरदे सुपारीएवढे झाल्ते. खडबडीत. ते पाणी पेऊन पेऊनच जितं होतं. पाण्यावरच चालू होतं त्याचं. अन् म्या पाणी तोडलं." आईने त्यांना कधी बोल लावला नाही. फक्त त्या दिवसापासून रांजणाशेजारी एक परळ पाण्याने भरून ठेवायच्या, कुत्रा नसताना. डॉक्टर घरी जात तेव्हा तो परळ भरलेला असे. "मायनं एका शब्दानं जरी म्हटलं असतं न, तं बरं झालं असतं."

मग ते थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुले म्या नळी दाखवली, ओगराळं धराले लावलं. हे नाही सांगतलं. मले बोलवे ना. म्हून आज तुह्या हातून झालं. तुले काऊन काढू?"

मंडळी, गुरू पुष्कळांना मिळतात. चूक पोटात घालणारेही मिळतात. पण शिष्याची चूक स्वतःची म्हणून उचलणारा आणि वर तिचे कारण स्वतःत शोधणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर जीव जडला तो जडलाच.

शेरूचे पुढे काय, हे वाचकांना हवे असेल. दुसऱ्याच दिवशी आम्ही परत गेलो. डॉक्टरांनी नळी तापवली, पांढरे फुटलेच. गुरदे झिजलेले होते, ते भरून येणार नव्हते. तसे त्यांनी गिरजामायना स्पष्ट सांगितले. बरा होणार नाही, पण टिकेल. दूधभात द्या, मीठ नको, हाडे नकोत, सावलीत ठेवा आणि पाणी कायम भरलेले असू द्या. शेवटी म्हणाले, "अन् रोज किती पेते ते मोजा. मोजलं तरच मले समजंल का सुधरून राह्यलं का बिघडून राह्यलं."

गिरजामाय इतका वेळ सगळ्याला हो म्हणत होत्या. यावर त्यांनी चक्क नाही म्हटले. "जितराबाचं खाणं-पेणं मोजत नाई हो. मोजलं का आटते. तुम्ही सांगतलं म्हून पाणी तोडलं. आता मोजाले नका लावू."

आमच्याकडे ही समजूत घरोघर आहे. खळ्यावरची रास मोजतात, पण ताटातली भाकरी मोजत नाहीत. मी पुढे सरसावलो होतो, हे अडाणीपण आहे वगैरे सांगायला. डॉक्टरांनी हाताने थांबवले. त्यांनी विचारले, "मंग कसं करावं, माय? तुम्हीच सांगा."

गिरजामायनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "पेलं ते नाई मोजत. उरलं ते मोजते. उरलेलं कोणाच्या वाट्याचं नसते."

डॉक्टर मांडीवर हात मारून हसले. मी त्यांना असे हसताना क्वचित पाहिले आहे. त्याच दिवशी कुंभाराकडून एक पसरट कुंडे आणले. त्यात आठ मापटी पाणी राही. सकाळी ते काठोकाठ भरायचे, शेरूला त्याच्याजवळच बांधायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले पाणी मापट्याने मोजून झाडाला घालायचे. काही दिवसांनी डॉक्टरांनी कुंड्याच्या आत चुन्याच्या रेघा मारून दिल्या, पण गिरजामायचा रेघांवर विश्वास बसला नाही. त्या मापट्यानेच मोजत. आणि मोजत त्याही खळ्यावरच्या रीतीने. आमच्याकडे रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन असे मोजतात. गिरजामाय बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या दारातून आठवड्याचा हिशेब सांगत: "लाभ. लाभ. दोन. लाभ. दोन. लाभ. लाभ." डॉक्टर तसेच्या तसे रजिस्टरात उतरवून घेत.

वरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ते पान पाहिले. आधी त्यांना कुत्र्याचे पान असण्याचेच आश्चर्य. मग त्यांनी विचारले, हे लाभ म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले, एक. मग एक असे का लिहिले नाही? डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, "ज्या बाईंनी मोजले त्यांनी एक म्हटले नाही, साहेब." साहेबांनी शेरा काय मारला तो मी इथे लिहीत नाही. डॉक्टरांची बढती पुढे बरीच रखडली एवढे सांगतो. त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही आणि रजिस्टरातले लाभही खोडले नाहीत.

शेरू त्यानंतर दोन पावसाळे जगला. डॉक्टरांनी सांगून ठेवले होते की रोज थोडे उरते तोवर काळजी नाही. एकदम सगळेच संपले किंवा सगळेच उरले तर मला बोलवा. त्याप्रमाणे दोनदा बोलावणे आले आणि दोनदा शेरू सावरला. तिसऱ्यांदा कुंडे काठोकाठ तसेच राहिले. गिरजामाय स्वतः सांगायला आल्या. बरोबर ते कुंडे होते, धुऊन पुसून आणलेले. "आता दुसऱ्याले द्या," म्हणाल्या. "कोणाचा म्हतारा असंल त्याले."

तिथून ते कुंडे घरोघर फिरू लागले. गिरजामायची युक्ती असल्यामुळे लोकांना मोजायचा संकोच वाटेना. प्यालेले थोडेच मोजायचे होते. डॉक्टरांनी त्यासाठी दिवसही हेरला, पोळ्याचा दुसरा दिवस. बैलांना काम नसते, माणसे घरी असतात, ऊन नसते म्हणून कुत्रे उगाच पाणी पीत नाही. त्या दिवशी सातआठ वर्षांवरचे कुत्रे घरी बांधायचे, घरोघरी तेवढ्याच मापाचे कुंडे भरायचे आणि सकाळी उरलेले मोजून दवाखान्यात सांगायचे. ज्याचे फार थोडे उरले त्याच्यामागे दुसऱ्या दिवशी ओगराळे घेऊन मी. शेरूचे दुखणे कळले तेव्हा तो निम्मा गेला होता. पुढच्या कुत्र्यांचे वर्षवर्ष आधी कळू लागले, अंगावर मांस असताना, मळ्यात भुंकत असताना. मोगलाईतून, म्हणजे पलीकडच्या निजामाच्या मुलखातूनही लोक यायचे. "पाणी मोजणारे डाक्तर कुठी बसते?" असे विचारत. डॉक्टर दरवेळी त्यांना दुरुस्त करत, "उरलेलं मोजतो. अन् थे माह्यं डोस्कं नाही, गिरजामायचं हाये." जिल्ह्याच्या सभेत त्यांना यावर बोलायला बोलावले तेव्हाही त्यांनी पहिले वाक्य हेच म्हटले. समोरच्या मोठमोठ्या मंडळींना ही गिरजामाय कोण ते कळले नाही. मागच्या रांगेत मला मात्र फार बरे वाटले.

डॉक्टरांचे दोषही सांगावेत, नाहीतर हा लेख खोटा वाटेल. त्यांचे अक्षर औषधविक्यालाही लागत नाही, ते फक्त मला लागते. कुत्र्याचे जेवण ते घड्याळ लावून सांगतात आणि स्वतःची दुपारची भाकरी तिसऱ्या प्रहरी आठवते. रागावले की बोलत नाहीत, आणि खूश झाले तरी बोलत नाहीत, त्यामुळे नवख्याला काय झाले ते समजत नाही. बावीस वर्षांत त्यांनी माझी तोंडावर स्तुती एकदाच केली. माझे ओगराळे कधी सांडत नाही असे ते म्हणाले. मी ते घरी जाऊन बायकोला सांगितले. ती म्हणाली, हे कोणाला सांगू नका.

गिरजामाय गेल्या त्यालाही आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टर रोज मळ्यावर जात. माणसांचे डॉक्टर येऊन जात, हे नुसते बसत. एकदा मी पाहिले, ते त्यांना चमच्याने पाणी पाजत होते. चार घोट, मग थांबायचे, मग पुन्हा चार घोट. गिरजामाय क्षीण आवाजात म्हणाल्या, "मोजून तं नाही राह्यले न, डाक्तर?" ते म्हणाले, "नाही, माय."

आता ते कुंडे डॉक्टरांच्या ओसरीवर असते. काठ एका जागी फुटला आहे, चुन्याच्या रेघा पुसट झाल्या आहेत. गल्लीतली कुत्री येऊन पाणी पिऊन जातात. सेवेतून निवृत्त झाल्यापासून डॉक्टर ते रोज सकाळी स्वतः भरतात. मी एकदा विचारले की आता उरलेले कोण मोजते? ते म्हणाले, "कोणीच नाही. हे मायसाठी भरतो." कोणत्या मायसाठी, पिंपळगावच्या की मळ्यातल्या, ते मी विचारले नाही. दोघींसाठी असेल.

समितीने कळवले आहे की लेखाचा समारोप डॉक्टरसाहेबांना शंभर वर्षांचे आयुष्य चिंतून करावा. समितीचा मान राखून सांगतो, हे माझ्याने होणार नाही. जित्या जिवाचे मोजत नाहीत. गिरजामायनी मला हे चांगले समजावले आहे, आणि एकदा त्यांचे न ऐकल्याचे काय होते ते मी लिंबाच्या आळ्यात पाहिले आहे. शंभर म्हटले की माप झाले. डॉक्टरांचे गुडघे, डोळे आणि विशेषेकरून दोन्ही गुरदे शाबूत राहोत, दुपारची भाकरी त्यांना वेळेवर आठवो, आणि रोज सकाळी ओसरीवरचे ते कुंडे त्यांच्याच हाताने भरले जावो, एवढे मी आमच्या देऊळगावच्या बालाजीकडे मागतो. किती सकाळी, ते मागत नाही.

आणि वाचक मंडळींचा मोजण्याचाच आग्रह असेल, तर खळ्यावरच्या रीतीने मोजू. डॉक्टरसाहेब, ही साठ वर्षे भरली. आमच्याकडे या पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात.